ठाण्याचा नकाशा पाण्याकडून वाचायचा तर

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण एका बेटावर उभे आहोत हे आठवायचं काही कारण नाही. पण ठाणं बेटावरच आहे, साष्टी बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात. भोवतीच्या खाड्यांवर आता इतके पूल झालेत की बेटपण डोळ्यांआड गेलं. शिलाहार, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशी सनावळी पाठ करून ठाण्याचा इतिहास परीक्षेपुरता येतो. स्टेशन नेमकं इथेच का, तुरुंग किल्ल्यात का, गावात एवढे तलाव कशाला आणि मोठ्या भरतीच्या दिवशी पाऊस झाला की ठरावीक वस्त्याच का बुडतात, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी एकच प्रश्न धरून ठेवावा लागतो: खाडी कुठून ओलांडायची? या प्रश्नाचं उत्तर बदलत गेलं तसं गाव सरकत गेलं.

दोन तोंडांचं पाणी

उल्हास नदी राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते. भातसेला पोटात घेऊन आलेली काळू नदी तिथे तिला मिळते. कल्याणच्या खाली तिला नदी म्हणायचं ते कागदोपत्री. पाणी खारं, काठाला चिखल आणि तिवरं, दिवसातून दोनदा उलटा प्रवाह, म्हणजे खाडीच. ठाण्याच्या उत्तरेला या पाण्याला दोन वाटा फुटतात. मोठा प्रवाह पश्चिमेला वळतो, घोडबंदरवरून जातो आणि वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो. दुसरा अरुंद फाटा कळव्याच्या बाजूने दक्षिणेला येतो, ठाणे खाडीत उतरतो आणि मुंबई बंदरात जातो. या दोन वाटांच्या आणि समुद्राच्या मधला तुकडा म्हणजे साष्टी.

ठाणं या फाट्यावर बसलं आहे. समुद्रावरून कल्याणकडे जाणारा माल वसईच्या बाजूने येवो किंवा मुंबईच्या बाजूने, ठाण्याच्या आसपासच्या पाण्यातूनच पुढे जाणार. कल्याणच्या पलीकडे नाणेघाट, बोरघाट, थळघाट, म्हणजे सगळ्या देशावरची वाट. त्यामुळे इथे चौकी बसवली की जकात आपोआप हातात येते. ‘ठाणं’ या शब्दाचा अर्थच चौकी, पहाऱ्याची जागा. शिलाहारांच्या ताम्रपटांत गावाचं नाव ‘श्रीस्थानक’ असं येतं. त्याचंच घासून ठाणं झालं. पुढे देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या स्थानकात येऊन थांबली ते श्रीस्थानकाचंच, ही योगायोगाची गंमत.

आता होडीचं गणित. इंजिन नसलेला मालाचा मचवा किंवा पडाव खाडीतून वर न्यायचा तर वाऱ्यापेक्षा भरतीवर भिस्त जास्त. भरती लागली की निघायचं, सहा तास पाण्याबरोबर वर जायचं, ओहोटी लागली की नांगर टाकायचा किंवा धक्क्याला लागायचं, पुढच्या भरतीला पुन्हा निघायचं. म्हणून खाडीवर बंदरं ठरावीक अंतराने दिसतात. ती एका भरतीच्या टप्प्यांवर वसलेली आहेत. ठाणं असाच मुक्कामाचा टप्पा होता. इथल्या एका जुन्या वस्तीचं नाव महागिरी, आणि महागिरी हे कोकणकिनाऱ्यावरच्या मालवाहू होडीच्या एका जातीचंही नाव.

भरती कधी लागणार हे कळायला कोळ्यांना घड्याळ लागत नसे, तिथी पुरे. हिशेब असा: शुद्ध किंवा वद्य पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाच्या पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास भरती पुरी होते. हा अंदाज मुंबई बंदराचा आहे आणि तोही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खाडीतून वर सरकावं तशी भरती आणखी उशिरा पोचते. सूत्र चालतं, कारण चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. पाऊणपट म्हणजे दर तिथीला ४५ मिनिटं, हिशेबाला सोपं आणि चुकलं तर थोडंसंच.

वेळेइतकीच उंची महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं. तेव्हा भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, आणि फरक साधारण निम्म्यावर. मोठी भरलेली होडी उथळ जागेवरून न्यायची तर उधाणाचे दिवस गाठायचे; भांगात निघालेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, चिखलात रुतून पुढच्या उधाणाची वाट बघत बसायचा.

किल्ला बांधला कुणी, वापरला कुणी

मार्को पोलोच्या तेराव्या शतकाच्या अखेरच्या वृत्तांतात ठाण्याचा उल्लेख आहे, तो कातडी आणि सुती कापडाच्या व्यापारासाठी. म्हणजे पोर्तुगीज आले तेव्हा हे काही ओसाड कोळीवाडं नव्हतं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख तहाने पोर्तुगीजांना दिला आणि साष्टीही त्यांच्याकडे गेली. मासुंदा तलावाच्या काठचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च ही त्या काळाची खूण. जवळजवळ २०० वर्षं त्यांनी ठाण्याला मोठा किल्ला बांधला नाही. खाडीकाठच्या लहान बुरुजांवर काम भागवलं. आरमार आपलं, तर पाणी म्हणजेच खंदक, असा तो हिशेब.

हा हिशेब आरमार बळकट असेपर्यंतच बरोबर असतो. मराठे पलीकडच्या काठाला कल्याण-भिवंडीपर्यंत आल्यावर पोर्तुगीजांना जाग आली आणि १७३० च्या सुमाराला ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला. काम पुरं व्हायच्या आत, मार्च १७३७ मध्ये, मराठ्यांनी खाडी ओलांडून तो घेतला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेतला हा पहिला मोठा घाव. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक माणसांनी वाटा, पाणी आणि पहारे यांची माहिती पुरवली होती. खाडी किती वाजता उतरेल आणि चिखल कुठे माणसाचं वजन पेलेल, हे काठावर जन्मलेल्यालाच ठाऊक. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, वसईही पडली. अर्धवट राहिलेला किल्ला मराठ्यांनी पुरा केला. तळ्याकाठचं आजचं कौपिनेश्वराचं देऊळ याच मराठा अमलातलं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांच्या वेळचं.

इंग्रजांचा डोळा साष्टीवर होता, कारण मुंबई बेटाला स्वतःचं धान्य नव्हतं, जळण नव्हतं आणि मागे सरकायला जागाही नव्हती. पेशवाईत नारायणरावांच्या खुनानंतर फूट पडली, पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी कुणकुण लागली, आणि इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस वेढा घालून ठाणे किल्ला घेतला. या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर वॉटसन जखमी होऊन मेला. राघोबादादांनी मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी दिली खरी, पण ती घेऊन झाली होती. तहाने नुसतं शिक्कामोर्तब झालं. १७८२ च्या सालबाईच्या तहात ती कायमची इंग्रजांकडे राहिली.

पुढची ३५ वर्षं ठाणं सीमेवरचं गाव होतं, आणि ही गोष्ट बऱ्याच वर्णनांत निसटते. खाडीच्या अलीकडे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य, पलीकडे कळव्याला पेशव्यांचं. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून, ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, आणि सप्टेंबर १८१६ मध्ये ते पसार झाले, ते याच सीमेमुळे जमलं. पहारेकरी गोरे. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठीत गाणं म्हणतोय यात त्यांना वावगं काय वाटणार? गाण्यात निरोप होता, असं सांगतात. एकदा खाडी ओलांडली की कंपनीचा शिपाई पाठलाग करू शकत नव्हता, कारण पलीकडचा मुलूख परका होता. आज तेवढ्या अंतराला कळव्याचं तिकीट लागतं.

जून १८१७ च्या पुणे कराराने उत्तर कोकण कंपनीकडे आलं आणि सीमा एका फटक्यात घाटमाथ्याकडे गेली. आता किल्ल्याला शत्रूच उरला नाही. अशा किल्ल्याचं काय करायचं? भिंती उंच, पहाऱ्याची सोय तयार, आत जागा मोकळी. त्याचा तुरुंग झाला. तो आजही मध्यवर्ती कारागृह म्हणून चालू आहे. इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या राघोजी भांगरे यांना १८४८ साली इथेच फाशी दिलं, आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी.

कचेऱ्यांचं गाव

जिल्ह्याची कचेरी ठाण्याला आली, कारण कंपनीला ओळखीची, तटबंदी असलेली आणि मुंबईहून पाण्याने गाठता येणारी जागा हीच होती. जिल्हा अवाढव्य होता. डहाणूपासून मुरबाडपर्यंत तर होताच, शिवाय आज रायगडात असलेली पनवेल आणि कर्जत एकोणिसाव्या शतकात बराच काळ ठाणे जिल्ह्यातच होती. जुना दस्त शोधणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: पनवेलच्या जमिनीचा एकोणिसाव्या शतकातला कागद ‘जिल्हा ठाणे’ म्हणतो, त्यात चूक काही नाही. कुलाबा जिल्हा १८६९ मध्ये वेगळा झाला, मुंबई उपनगर १९२० मध्ये, आणि पालघर अगदी अलीकडे, १ ऑगस्ट २०१४ रोजी.

जिल्ह्याच्या ठिकाणी कोर्ट येतं, कोर्टामागे वकील येतात, वकिलांमागे खानावळी, छापखाने आणि वर्तमानपत्रं. किल्ल्याजवळच्या कोर्टनाक्याच्या आसपास ही सगळी माणसं जमली. १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते तिथे सेंट जेम्स चर्चचा पवित्रीकरण विधी झाला. टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, सिनेगॉग १८७९ साली उभं राहिलं. जवळच पारशांची अग्यारी. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, ते मुंबईत किंवा पुण्यात न निघता ठाण्यात निघालं, याला हा लिहितावाचता नोकरदार आणि वकील वर्ग कारण. नगरपालिका १८६३ साली आली.

पण कचेऱ्यांनी गाव मोठं होत नाही, फार तर नीटनेटकं होतं. १९०१ च्या जनगणनेत ठाण्याची वस्ती जेमतेम १६ हजार होती. त्याआधी जवळजवळ ५० वर्षं इथे रेल्वे होती. रेल्वे आली की गाव फोफावतं, हा समज ठाण्याने तरी खोटा पाडला.

रेल्वेने काय दिलं, काय नेलं

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, असा ३४ किलोमीटरचा प्रवास. एवढं शाळेत सगळेच शिकतात. शेवटचं स्टेशन ठाणं का, हे सहसा शिकवत नाहीत. ठाण्याला जायचं म्हणून कुणी रेल्वे बांधली नव्हती. रेल्वे बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) कंपनीला घाटापलीकडचा कापूस मुंबईच्या गोदीत आणायचा होता. ठाण्यापुढे खाडी होती, आणि तिच्यावरचे पूल अजून झाले नव्हते, म्हणून गाडी ठाण्याला थांबली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणला गेली.

मार्ग बघा. कुर्ला, भांडुपकडून रूळ सरळ उत्तरेला येतात. खाडी ओलांडायची तर पात्र अरुंद हवं आणि पायाला खडक हवा. गाळात दगडी खांब उभे राहत नाहीत. शिवाय पलीकडे पारसिकचा डोंगर आडवा आहे, म्हणजे ओलांडून लगेच डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या पट्टीत शिरायला हवं. या अटी पाळत रूळ चेंदणीजवळून पूर्वेला वळले, दगडी कमानींच्या पुलांवरून कळव्याला गेले आणि डोंगराच्या पायथ्याने, दोन छोटे बोगदे पाडून, मुंब्र्याला निघाले. जलद मार्गासाठी डोंगराच्या पोटातून काढलेला सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिकचा बोगदा पुढे १९१६ मध्ये सुरू झाला. स्टेशनची जागा अशी पुलाच्या जागेने ठरली. जुनं गाव, बंदर आणि किल्ला उत्तरेला राहिले, स्टेशन दक्षिणेला आलं. मधल्या रस्त्यावर, जांभळी नाक्याहून स्टेशनकडे, बाजार हळूहळू घरंगळत आला. रुळांच्या पूर्वेला चेंदणी आणि कोपरी गावापासून तुटले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत कोपरीला झाली, तेव्हा पूर्व-पश्चिम हा भेद पक्काच झाला.

पुलांनी खाडीचा व्यापार मारला. कल्याणला रेल्वे पोचल्यावर धान्याचं पोतं भरतीची वाट बघत दोन दिवस का बसवायचं? बोरघाटाची वाट १८६३ ला आणि थळघाटाची १८६५ ला सुरू झाली. दोन्ही रूळ कल्याणला फुटतात. जकातीचं, गोदामाचं, हमालीचं काम ठाण्याच्या फाट्यावरून उठून कल्याणच्या जंक्शनला गेलं. खाडीचा फाटा जे ठाण्याला देत होता तेच रुळांच्या फाट्याने कल्याणला दिलं.

दुसरा परिणाम संथ होता. भरतीची खाडी स्वतःच स्वतःला साफ ठेवते. आत शिरलेलं पाणी ओहोटीला जोराने परत जाताना तळ खरवडून गाळ बाहेर नेतं. जितकं जास्त पाणी आत, तितका परतीचा जोर जास्त. हे आत मावणारं पाणी कमी झालं की जोर कमी होतो, गाळ बसतो, गाळ बसला की आणखी कमी पाणी मावतं. ठाण्याच्या खाडीत ते कमी करणाऱ्या गोष्टी एकामागून एक झाल्या. भाताच्या खारजमिनी आणि मिठागरं यांसाठी काठाने बांध घातले, म्हणजे उधाणाला जिथे पाणी पसरायचं ती जागाच बंद. पुलांच्या खांबांमागे पाणी मंदावतं, तिथे वाळू-गाळ धरतो. वर डोंगर उघडे झाले की पावसात माती जास्त येते. त्यात ठाण्याच्या फाट्यात भरती दोन्ही तोंडांनी येते. मुंबईकडचं आणि वसईकडचं पाणी जिथे भिडतं तिथे प्रवाह थबकतो आणि गढूळ पाण्यातला गाळ निवांत खाली बसतो. ओहोटीला कळव्याच्या पुलावरून लोकलच्या दारातून पाहिलं तर दिसणारे चिखलाचे करडे फुगवटे हे त्याचंच फळ. दक्षिणेकडचा तोच चिखल रोहित पक्ष्यांच्या कामी आला. त्या भागाला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा.

मीठ आणि गोडं पाणी

काठावर बांध घालून मीठ पिकवणं हा इथला जुना धंदा. आगर राखणारे ते आगरी, अशी त्या समाजाच्या नावाची रूढ फोड आहे. चेंदणीच्या मीठबंदराचं नावच पुरेसं बोलकं आहे. पूर्व द्रुतगती मार्गावरून कांजूर, भांडुप, मुलुंडच्या बाजूला अजून चौकोनी वाफे दिसतात, त्यांचं काम असं चालतं.

पावसाळ्यात खाडीचं पाणी पातळ झालेलं असतं, म्हणून सुरुवात पाऊस सरल्यावर. आधी बांध लिंपायचे, वाफ्यांचे तळ तुडवून घट्ट करायचे. तळ मुरला की पाणी जमिनीत जातं आणि महिन्याची मेहनत वाया. उधाणाला दार उघडून खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात एकूण क्षार ३५ ग्रॅमच्या आसपास, त्यातलं खाण्याचं मीठ सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे टनभर मिठाला निदान ३७ हजार लिटर पाणी लागतं, तेही एक थेंब न गळता. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, उन्हावाऱ्याने आटवत न्यायचं. पाण्याची घनता बोमे अंशात मोजतात: समुद्राचं पाणी ३ च्या जवळपास. आटताना आधी चुना आणि जिप्सम खाली बसतात. २५ च्या आसपास मीठ धरू लागतं, म्हणून तोवर पाणी शेवटच्या वाफ्यात सोडत नाहीत, नाहीतर जिप्सम मिठात मिसळतं. २९-३० झालं की उरलेलं कडू पाणी काढून टाकायचं. इथे आळस केला तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. असं मीठ कडवट लागतं आणि गोणीत पाणी सोडतं. आणि एप्रिलमध्ये अवकाळी पावसाची एक सर पुरते, सगळं पुन्हा विरघळून पहिल्या पायरीवर.

शेजारच्या भाताच्या खारजमिनीत उलटा कारभार. तिथे बांधाला उघाडी असते, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारं झडपेचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं; भरती आली की बाहेरचं पाणीच दाराला दाबून बंद करतं. दारात एखादं लाकूड अडकलं आणि ते पुरं मिटलं नाही, तर एका उधाणात खारं पाणी शेतात शिरतं आणि ती मीठ धरलेली जमीन धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात. हे दार ध्यानात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

चहूकडे पाणी, पण पिण्याला नाही, ही खाडीकाठच्या गावाची जुनी अडचण. काठाजवळच्या विहिरीत गोडं पाणी हलकं म्हणून वर, खारं जड म्हणून खाली असतं. उपसा वाढला की खालचं वर चढतं आणि विहीर मचूळ होते, ती परत सुधारायला पावसाळे जातात. यावरचा इलाज तलाव. पाऊस धरून ठेवायचा, आणि तलावाचं मुरलेलं पाणी आसपासच्या विहिरींतला खारटपणा खाली दाबून ठेवतं. मासुंदा, कचराळी, मखमली, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे हे शोभेसाठी खणलेले नव्हते. गावाची पाण्याची यंत्रणाच ती. पुढे येऊरच्या पायथ्याच्या पोखरण तलावातून गावाला पाणी आलं, आणि त्या तलावाचं नाव आता दोन रस्त्यांपुरतं लोकांच्या तोंडी उरलं. नळ आले तसे तलाव बिनकामाचे झाले, आणि बिनकामाचं पाणी शहरात फार दिवस पाणी राहत नाही, भराव पडतो.

पूल वाढले, गाव सुटलं

खरी वाढ स्वातंत्र्यानंतरची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि त्याच्या पहिल्या वसाहतींत वागळे इस्टेट होती. पलीकडच्या काठाला ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने उभे राहत होते, म्हणजे कामगार अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे हवे. १९६१ ला वस्ती लाखभर होती. १९८२ मध्ये महापालिका झाली, कळवा-मुंब्र्यासह आसपासची गावं आत आली, आणि २०११ च्या जनगणनेत आकडा १८ लाख ४१ हजारांवर गेला. १९०१ पासूनच्या ११० वर्षांत शंभरपटीहून जास्त.

या काळात पाणी ओलांडायच्या जागाही बदलल्या. वाशीचा पूल १९७३ मध्ये झाला आणि मुंबईहून पनवेल-पुण्याकडे जाणारं वाहन ठाण्यावाचून जाऊ लागलं. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी लोकलही आली. नवी मुंबईचं केंद्र त्यामुळे वाशीला बसलं. ठाणं उत्तरेला वळलं, घोडबंदर रस्त्याने. हा रस्ता पूर्वी बाजूला पडला होता, कारण तो जिथे जातो ते घोडबंदर रेल्वेने निकामी केलं होतं. गुजरातकडे जाणारी अवजड वाहनं आणि टॉवरमधली चारचाकी आता एकाच रस्त्यावर का तुंबतात, याचंही उत्तर तेच: डाव्या हाताला येऊरचा डोंगर, उजव्या हाताला वसईची खाडी, दुसरा रस्ता काढायला जागाच चिंचोळी.

उल्हासकडे पाठ फिरवलेलं शहर पाणी मात्र तिच्याच खोऱ्यातलं पितं. शहाडला उल्हासमधून उचललेलं पाणी टेमघरला शुद्ध होऊन येतं, आणि भातसेचं पाणी पिसे बंधाऱ्यावरून.

आता त्या उघाडीच्या दाराकडे. शहरातले नाले हेच पूर्वीचे पावसाळी ओढे. येऊरकडून आणि वागळेकडून उतरून ते खाडीला मिळतात. त्यांची तोंडं कमी उंचीवर आहेत. भरतीची पातळी तोंडापेक्षा वर गेली की नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही, उलट खाडीचं पाणी आत चढतं. पूर्वी हे जास्तीचं पाणी शेतं, मिठागरं आणि तलाव सामावून घेत. उघाडी मिटलेली असेल तेवढे चार-पाच तास त्यांच्यात मावत. आता तिथे इमारती आहेत, म्हणून पाणी राबोडीच्या गल्ल्यांत, विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली किंवा स्टेशनजवळच्या सखल रस्त्यांवर थांबतं. साडेचार मीटरच्या वरची भरती असली की प्रशासन इशारा देतं, तो यासाठीच. पंप लावून पाणी नाल्यात टाकलं तरी भरती उतरेपर्यंत ते फिरून तिथेच येतं.

त्यामुळे सकाळी मुसळधार लागली की आधी तिथी पाहावी. अष्टमी असेल तर भरती सहाला होऊन गेली, भांगही आहे, पाणी निघून जाईल. पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असाच पाऊस अकरानंतर वाढला, तर भरती पुरी होणार दुपारी एक-दीडला. नाले वाहू लागायला त्यानंतर आणखी दोन तास तरी लागतात. सखल भागातली गाडी साडेदहालाच वर काढून ठेवावी.